दुखण्याला हजेरीपत्रक लावू नका : नियामक मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

दिव्यांगत्व आणि दीर्घकालीन आजारांच्या शुश्रूषेवर संशोधन करू शकतील अशी माणसे तयार करणारा आपल्या संस्थेचा अठरा महिन्यांचा प्रशिक्षण उपक्रम मी समन्वयक म्हणून सहा वर्षे सांभाळला. मंडळाने मागील महिन्यात एका ठरावाने तो बंद केला आणि त्याच्या जागी पंधरा दिवसांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले. ठरावाची प्रत हाती आली त्याच दिवशी मी आपल्याला पत्र लिहिले, पुढे दोन स्मरणपत्रे पाठवली आणि भेटीची वेळही मागितली. एकाही पत्राची पोच आली नाही. ज्यांच्या घरात शिरून आपण माहिती घेतली त्या कुटुंबांनाही हा निर्णय कळवला गेलेला नाही. म्हणून जे मी बंद पाकिटात लिहिले होते तेच आता चारचौघांसमोर मांडत आहे.

या विषयाशी माझा संबंध नोकरीपुरता नाही, हे आधीच सांगितलेले बरे. माझा धाकटा भाऊ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण होता. आमच्याकडच्या भाषेत एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेला. मी स्वतः एएस, म्हणजे वाहक. त्याच्या आजाराचे नाव आम्हाला 1989 मध्ये, तो अकरा वर्षांचा असताना कळले. तोवर त्याच्या दुखण्याला कोणी वात म्हणत असे, तर कोणी शाळा बुडवण्याचे सोंग. नागपुरातील डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख 1958 सालीच लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. आमचे गाव नागपूरपासून एसटीने साडेतीन तासांवर आहे, पण लंडनला पोचलेली ती माहिती एकतीस वर्षांत आमच्या उपकेंद्रापर्यंत आली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी भावाचा उजवा खुबा निकामी झाला आणि 2004 मध्ये, सव्विसाव्या वर्षी तो गेला. संशोधन होणे आणि ते माणसाच्या उपयोगी पडणे यांत किती अंतर असते, ते मी घरातच मोजलेले आहे. हे अंतर कमी करणारी माणसे आपल्याच भागातून, आणि शक्यतो हे आजार अंगावर वागवणाऱ्यांतून उभी राहावीत, एवढ्यासाठी मी हे काम स्वीकारले होते.

उपक्रमाची घडी आपल्याला ठाऊक आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. पहिले तीन महिने वर्गात प्रश्न कसा घडवायचा, संमती कशी घ्यायची आणि आकडे कसे वाचायचे हे शिकवले जाई. पुढचे बारा महिने प्रत्येक प्रशिक्षणार्थी एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली गावात काम करी आणि शेवटचे तीन महिने लेखनाचे असत. सहा वर्षांत चार तुकड्या झाल्या. त्यांत परिचारिका होत्या, फिजिओथेरपीचे पदवीधर होते, दोन आशाताई होत्या. प्रत्येक तुकडीतील निम्म्या जागा स्वतः दिव्यांग असलेल्या, दीर्घकालीन आजारी असलेल्या किंवा अशा माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्या उमेदवारांसाठी राखलेल्या होत्या. ही अट संस्थेनेच घातली होती आणि ती घालणाऱ्या तेव्हाच्या मंडळाविषयी मला आजही आदर आहे.

आता माझ्या तक्रारी मांडते. सर्वांत गंभीर तक्रार हजेरीच्या नियमाची आहे, कारण पुढचे बरेचसे त्यातूनच निघाले. दोन वर्षांपूर्वी मंडळाने रोज सकाळी दहाच्या आत बोटाचा ठसा देणे सक्तीचे केले आणि महिन्याला ऐंशी टक्के हजेरी नसल्यास मानधन कापण्याचा नियम केला. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथे अडकतील तिथे दुखणे उठते. सोमवारी सायकल मारत आलेला मुलगा बुधवारी कूस बदलू शकत नाही आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सायकलवर दिसतो. या आजाराला दहाची वेळ आणि ऐंशी टक्के समजत नाहीत. आमच्या एका प्रशिक्षणार्थी मुलीने चार महिन्यांत ठरलेल्या सर्व मुलाखती पूर्ण केल्या, त्यांतील काही रात्री आठनंतर, कारण बाया शेतावरून परततात तेव्हाच बोलू शकतात. तिची हजेरी बासष्ट टक्के भरली आणि दोन महिन्यांचे मानधन कापले गेले. काम अपुरे आहे असे तिच्या मार्गदर्शकांनी एकदाही लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या एकाची गोष्ट मला अधिक टोचते. हा प्रशिक्षणार्थी कुष्ठरोगातून पूर्ण बरा झालेला आहे, मात्र त्याच्या बोटांची टोके झिजलेली आहेत. ठशाचे यंत्र जिन्याशेजारी, पाण्याच्या माठाच्या वर लावलेले होते. तो रोज पावणेदहाला तिथे उभा राही, एकेक करून दहाही बोटे ठेवून पाही, यंत्र प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवी, आणि मागे रांग लागली की तो बाजूला होऊन इतरांना वाट देई. असे सतरा दिवस चालले. शेवटी कार्यालयाने त्याला लेखी विचारले की, आपण सतरा दिवस विनापरवानगी गैरहजर का होता? मी स्वतः लेखी कळवूनही हजेरीवही पुन्हा सुरू करायला अडीच महिने लागले. त्या सतरा दिवसांची नोंद अजून दुरुस्त झालेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि कुष्ठमुक्त व्यक्ती व सिकलसेलचे रुग्ण हे दोघेही त्यांत येतात. याच अधिनियमाच्या कलम 16 प्रमाणे शासनाच्या निधीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेने प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते. जी संस्था या कायद्यावर व्याख्याने ठेवते तिला एक हजेरीवही ही वाजवी सोय वाटू नये, याचे स्पष्टीकरण मला अद्याप मिळालेले नाही.

नव्या अभ्यासक्रमाच्या अर्जात ‘उमेदवार शारीरिकदृष्ट्या सक्षम असल्याचा वैद्यकीय दाखला’ मागितला आहे. हा तपशील बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी अर्जावरून जसाच्या तसा उचलला गेला असावा, असे मी समजून घेते. पण दिव्यांगत्वावरील संशोधन शिकण्यासाठी आधी दिव्यांग नसल्याचा दाखला आणायचा, हे वाचून आमच्या तिसऱ्या तुकडीतील एका मुलाने ‘मग आम्ही फक्त नमुना म्हणून यायचे का?’ असे विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच कायद्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. आपल्या संस्थेचे धोरण मी सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर शोधले, कार्यालयातही विचारले. ते कुठेही नाही.

परिपत्रकांविषयी थोडेच लिहिते. आपली सर्व परिपत्रके छापील कागदाचा फोटो काढून पाठवली जातात. अंध प्रशिक्षणार्थींचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, फोटोतली अक्षरे नीट वाचू शकत नाही. मूळ टंकलिखित फाइल जोडली तर काम भागते, आणि तेवढीच विनंती आम्ही वारंवार केली होती. उपक्रम बंद झाल्याचे परिपत्रकही तसेच आले. आमच्या एका अंध प्रशिक्षणार्थ्याला आपली जागा गेल्याचे त्याच्या नववीतल्या पुतण्याने वाचून दाखवले.

मानधन सहा-सहा महिने थकवून एकदम खात्यात भरण्याची पद्धतही तितकीच त्रासाची आहे. एकरकमी आलेला पैसा खात्यात दिसला की संजय गांधी निराधार योजनेतले अनुदान चालू असलेल्या घरात उत्पन्नाच्या दाखल्याची धास्ती बसते आणि आमच्या दोन प्रशिक्षणार्थींना त्यापायी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागले.

आता ठरावात दिलेल्या कारणांकडे येते. उपक्रमात गळती जास्त आहे, असे आपण म्हटले आहे. हे खरे आहे. अडतीसपैकी अकरा जण मध्येच थांबले. पण ते का थांबले, हे ठरावात नाही. पाच जण हजेरीच्या नियमामुळे गेले, तिघांना आजाराने थांबवले, दोघींना नोकरी लागली आणि एकीचे लग्न झाले. पहिल्या तुकडीतील दोघांच्या आजारपणाला मी स्वतः काही अंशी जबाबदार आहे. मी तेव्हा गावातले काम मे महिन्यात लावले होते. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि शरीरातले पाणी कमी होणे हे सिकलसेलचे दुखणे उठण्याचे एक नेहमीचे कारण आहे. माझ्या भावाला दर उन्हाळ्यात हे व्हायचे आणि तरीही वेळापत्रक आखताना ते माझ्या ध्यानात आले नाही. त्यानंतर गावातले काम आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला ठेवू लागलो, थंडीत पहाटे निघणे बंद केले, कारण गारठ्यानेही दुखणे उठते, आणि प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे की नाही हे निघताना पाहू लागलो. हा उपक्रम चालवणे म्हणजे मुख्यतः अशाच बारीकसारीक गोष्टी शिकत जाणे होते आणि त्या कुठल्याही अहवालात येत नाहीत.

निष्पत्ती कमी, सहा वर्षांत दोनच शोधनिबंध छापून आले, हे दुसरे कारण दिले आहे. त्याच्या उत्तरादाखल वर्गातला एक धडा सांगते. दिव्यांगत्व मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी सहा प्रश्नांची एक छोटी यादी आहे. तिला वॉशिंग्टन गटाची प्रश्नावली म्हणतात आणि तिच्यात पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःचे आवरणे आणि बोलणे-समजणे यांत किती अडचण येते एवढेच विचारतात. तुम्हाला अपंगत्व आहे का, असे थेट विचारण्यापेक्षा ती कितीतरी चांगली आहे. पण दुखणे उठलेले नसताना सिकलसेलच्या रुग्णाला हेच सहा प्रश्न विचारले की तो सहाही वेळा ‘काही अडचण नाही’ म्हणतो आणि कागदावर ठणठणीत ठरतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग मोजले गेले, पण त्या वेळी रक्तविकारांसाठी वेगळा रकानाच नव्हता. जे दुखणे येते-जाते ते मोजायचे कसे, हा प्रश्न आमच्या प्रशिक्षणार्थींनी गावात जाऊन स्वतः शोधला.

तो कसा सापडला, तेही सांगते. दुसऱ्या तुकडीतील एक परिचारिका एका घरी मुलाखत घेत होती आणि मी शेजारी बसले होते. पडवीत धान निवडणाऱ्या बाईला तिने छापील प्रश्न विचारला, ‘मागील महिन्यात किती वेळा दुखणे उठले?’ बाईने सुपातून मान वर न काढता म्हटले, ‘कवा दुखत नाई, थे इचार ना बाई.’ परिचारिका गोंधळली, रकान्यावर पेन टेकवून थांबली, आणि मग तिने खरेच तसे विचारले. बाई बोलत राहिली. रोवणीचे चार दिवस ती कशी उभी राहते, मजुरी बुडू नये म्हणून गोळी कधी दोन घेते, मुलाच्या हातापायांना सूज आली की स्वतःचे दुखणे ती कसे मोजतच नाही. त्या संध्याकाळी आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली आणि दुखण्याच्या वह्या सुरू केल्या. घरातल्याच कोणीतरी रोज एक खूण करायची. दुखले नाही तर रिकामे वर्तुळ, दुखले पण काम झाले तर अर्धे भरलेले, अंथरूण धरले तर पूर्ण भरलेले. अशा एक्केचाळीस घरांत वह्या ठेवल्या. हे पंधरा दिवसांत, पडद्यावर, पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेने शिकवता येईल असे मंडळाला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर मंडळातील एका सदस्याने तरी एकदा त्या पडवीत येऊन बसावे, अशी माझी विनंती आहे.

ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. ज्याला घराबाहेर पडणे अवघड आहे त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे आणि आकडेवारीचा अर्धा भाग आम्हीही तसाच शिकवत होतो. पण संशोधनाचे प्रशिक्षण हे बऱ्याच अंशी सोबतीने होणारे काम आहे. मुलाखत फसते, संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी घरचा कर्ता मध्ये बोलतो, नोंदीत चूक सापडते, आणि त्या वेळी शेजारी कोणी अनुभवी असावे लागते. मार्गदर्शकांनी यासाठी दिलेले तास आपल्या कार्यभाराच्या हिशेबात कधीच धरले गेले नाहीत, हीही एक तक्रार म्हणून नोंदवते.

या वेळी हे सारे तातडीचे का आहे, तेही लिहिते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. त्यात सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आणि 2047 पर्यंत हा आजार हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. तपासणी झाली की हाती कार्ड येते. त्यानंतरचे आयुष्य कसे जाते, हे कोण पाहणार? दुखणे वारंवार उठू नये म्हणून दिली जाणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असलेल्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. आमच्या वह्यांत काही घरांनी गोळ्या सोडल्याची नोंद आहे आणि कारण म्हणून तपासणीसाठी बुडणारी मजुरी व एसटीत जाणारा दिवस लिहिलेला आहे. सरकारी नोकरीतील दिव्यांगांचे चार टक्के आरक्षण ज्या प्रवर्गांना आहे त्यांत रक्तविकार येत नाहीत, ही गोष्ट दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत अनेक मुलांना माहीत नसते. त्यांच्या शिक्षणावर आणि रोजगारावर याचा काय परिणाम होतो, हे मोजणारी माणसे आज हवी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम 28 दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी संशोधन करवून घेण्याची जबाबदारी शासनावर टाकते. पण शासनाने उद्या माणसे मागितली, तर ती आधी कुठेतरी तयार झालेली असली पाहिजेत.

शेवटची तक्रार त्या एक्केचाळीस घरांची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांवर आमचा वर्ग उभा होता. माहिती देणाऱ्याला संशोधनाचा लाभ पोचला पाहिजे, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवत असू. आमच्या संमतीपत्रात स्वच्छ मराठीत लिहिले होते की अभ्यास संपल्यावर आम्ही परत येऊ आणि काय सापडले ते ग्रामसभेत सांगू. त्या कागदावर संस्थेचा शिक्का आहे. उपक्रम बंद करताना या वचनाचे काय करायचे, यावर ठरावात एक ओळही नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ठरावाला स्थगिती देऊन त्याचा फेरविचार करावा आणि त्या बैठकीत प्रशिक्षणार्थींचे दोन प्रतिनिधी असावेत, त्यांपैकी किमान एक स्वतः दिव्यांग असावा. चालू तुकडीतील नऊ जणांचा अभ्यासक्रम, उपक्रमाचे पुढे काहीही ठरले तरी, ठरलेल्या अठरा महिन्यांपर्यंत चालवावा. हजेरी ठशावर न मोजता मार्गदर्शकाने सही केलेल्या कामाच्या नोंदीवर मोजावी, आजारपणात गेलेला काळ अभ्यासक्रमाच्या शेवटी वाढवून द्यावा, आणि कापलेले मानधन परत करून पुढे ते दर महिन्याला द्यावे. त्या सतरा दिवसांची नोंद दुरुस्त करून संबंधित प्रशिक्षणार्थ्याला तसे लेखी कळवावे. यासाठी कुठल्याही ठरावाची गरज नाही, उद्या सकाळीही होईल. सक्षमतेच्या दाखल्याची अट अर्जातून काढावी, समान संधी धोरण जाहीर करावे आणि प्रत्येक परिपत्रकाची वाचता येणारी फाइल सोबत द्यावी. संमतीपत्रातील वचन पाळण्यासाठी ग्रामसभांच्या तारखा ठरवाव्यात आणि प्रवासखर्च मंजूर करावा.

समन्वयकपदी मीच राहावे, अशी माझी मागणी नाही. माझ्या जागी आमच्याच पहिल्या तुकडीतून तयार झालेले कोणी येत असेल, तर मी आनंदाने कारभार सोपवीन.

त्या एक्केचाळीस वह्या दुसऱ्या मजल्यावरील लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, गावांच्या नावांप्रमाणे गठ्ठे बांधून ठेवलेल्या आहेत. नावे आणि संकेतांक जुळवणारी यादी नियमाप्रमाणे वेगळ्या लखोट्यात बंद आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. ती मी कोणाच्या हाती द्यायची, एवढे तरी कृपया पंधरा दिवसांत लेखी कळवावे. पेरणीपूर्वी परत येऊ, असे आम्ही त्या घरांना सांगितलेले आहे.

आपली विश्वासू,
संशोधन प्रशिक्षण उपक्रमाची समन्वयक